दाराबाहेरचा दगड

माझ्या आजीने एकोणतीस वर्षं भांडण केलं, आणि ते सगळं बसून केलं. आमच्या इंडियानात कुणाच्याही घरी जा, भिंतीवर कुठल्या तरी आजोबांची तलवार नाहीतर बंदूक टांगलेली असते आणि कॉफी संपायच्या आत तिची गोष्ट ऐकून घ्यावी लागते. आमच्या भिंतीवर काही नाही. आम्ही क्वेकर, म्हणजे ख्रिस्तीच, पण साधेपणाच्या पंथातले. बंदूक आम्हाला कधीच चालली नाही, तसबीरसुद्धा परवापरवापर्यंत चालत नव्हती. पण शुगर फोर्कच्या सभाघरासमोर घोड्यावर चढायला ठेवलेला एक चौकोनी दगड आहे, आणि त्याची एक बाजू घासून गुळगुळीत झाली आहे. ती माझ्या आजीने केली. तलवारवाल्यांनी खुशाल येऊन बघावी.

आजीचं नाव हल्डा, माहेरची न्यूलिन. गुलाम ठेवणाऱ्यांचा शेजार नको म्हणून तिच्या आईवडिलांनी नॉर्थ कॅरोलायना सोडलं, गाडीत बिऱ्हाड घातलं आणि इथलं जंगल तोडून मका पेरला. हल्डा इथेच जन्मली, अठराशे एकोणीस साली. तिच्याहून चार वर्षांनी मोठी बहीण रोडा. दोघींच्या मध्ये झालेली दोन पोरं गेली, त्यामुळे रोडानेच हल्डाला अंगाखांद्यावर वाढवलं. रोडा बडबडी होती. आजी सांगायची, सभेत गप्प बसताना रोडाचे ओठ एवढे घट्ट मिटलेले असायचे की पांढरे पडायचे.

आमच्या सभेत पाद्री नाही, गाणं नाही, घंटा नाही. सगळे येतात आणि गप्प बसतात. ज्याला आतून काही सांगावंसं वाटेल तो उठून सांगतो. लहानथोर सगळ्यांना अरे-तुरे, न्यायाधीश आला तरी त्याला 'तू'च. महिन्यातून एकदा प्रार्थना झाल्यावर मधल्या लाकडी झडपा खाली सोडतात, इकडे बायका, तिकडे पुरुष, आणि कामकाज सुरू होतं. हात वर करणं, डोकी मोजणं असलं काही नसतं. लेखनिक ठराव वाचते आणि विचारते, "सगळ्यांचं मन राजी आहे?" कुणी बोललं नाही की झाला होकार. एकीने जरी उठून "माझं मन राजी नाही" म्हटलं, तरी ठराव अडतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अठराशे बेचाळीसच्या वसंतात हल्डाने जोनास ट्रेडवेशी लग्न केलं. जोनास पिंपं बनवायचा. डुकराच्या खारवलेल्या मांसाची, मेपलच्या पाकाची, सफरचंदाच्या सायडरची, सगळ्या परगण्याला पिंपं त्याचीच लागायची. माणूस कष्टाळू, दारूला न शिवणारा. दोष एकच, तो मेथडिस्ट होता, दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचा. आणि दुसरा दोष, तो गायचा. पिंपाला लोखंडी पट्टा ठोकताना हातोडीच्या तालावर मोठ्याने भजनं म्हणायचा. आमच्यात परपंथीयाशी लग्न म्हणजे गुन्हा, पगारी पाद्र्यासमोर लागलेलं लग्न म्हणजे आणखी गुन्हा. सभेने दोन बायकांना चौकशीला पाठवलं. एक होती मर्सी मॅरिस, जी आयुष्यात कुणाला वावगं बोलली नाही. दुसरी कझाया पिकेट.

कझायाला मी लहानपणी पाहिलंय, ती नव्वदीला टेकली होती तेव्हा. तेव्हाही तिच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. बेचाळीस साली तर ती पन्नाशीची होती आणि सगळ्या शुगर फोर्कच्या बायकांच्या टोप्यांची रुंदी तिला पाठ होती.

"ये कझाया, ये मर्सी," हल्डा म्हणाली. "बसा. मक्याची भाकरी गरम आहे."

तेवढ्यात जोनास दारात आला, डोक्यावरची टोपी काढून वाकला. "या, या. बाईसाहेब, तुम्ही आलात, आमचं भाग्य."

"मला बाईसाहेब म्हणू नकोस," कझाया म्हणाली. "आणि तुम्ही म्हणू नकोस. मी एकच बाई आहे, दोन नाही."

"बरं बाईसाहेब," जोनास म्हणाला आणि हसत पडवीतल्या कामाला निघून गेला.

कझायाने कागद काढला. मजकूर आधीच लिहिलेला होता. मी शिस्तीविरुद्ध लग्न केले, ते चुकले, मला त्याचा खेद आहे, सभेने मला पदरात घ्यावे. खाली सहीपुरती जागा.

हल्डाने तो दोनदा वाचला. मग विचारलं, "कझाया, आपण कोर्टात शपथ का घेत नाही?"

"कारण आपण रोजच खरं बोलतो. शपथ घेतली तर एरवी खोटं बोलतो असं होईल."

"मग ह्या कागदावर मी खोटं कसं लिहू? जोनासशी लग्न केल्याचा मला खेद नाही. काल नव्हता, आज नाही. उद्या त्याने छळलंच तर तुला निरोप पाठवीन."

मर्सी मॅरिसला ठसका लागला. कझाया शांतपणे म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला सोडतेस."

"मी कुठे सोडते? तुम्ही काढताय. मी येत्या पहिल्या वारी सभेला येणार आहे." आम्ही रविवार म्हणत नाही, पहिला वार म्हणतो.

महिनाभराने तिचं नाव कमी केलं. आता हे वाळीत टाकणं असलं तरी पाणी तोडणं नव्हे. प्रार्थनेला कुणालाही बसता येतं. फक्त कामकाजाच्या दिवशी, झडपा खाली आल्या की नाव नसलेल्याने उठून बाहेर जायचं. बहुतेक लोक अपमान गिळून येणंच सोडतात, मेथडिस्टांकडे जातात नाहीतर पश्चिमेची वाट धरतात. हल्डा पुढच्याच पहिल्या वारी आली, दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. कामकाजाच्या दिवशी झडपा कुरकुरत खाली यायला लागल्या तेव्हा ती उठली, बाहेर गेली, आणि घरी न जाता दारासमोरच्या दगडावर बसली. पिशवीतून विणकाम काढलं. सभा सुटल्यावर एकूणएक बाईला तिच्या समोरून जावं लागलं. ती प्रत्येकीला नावाने हाक मारून विचारत होती, "बरी आहेस ना?"

हे एकोणतीस वर्षं चाललं. दर महिन्याला. बर्फात ती शेकलेली वीट फडक्यात गुंडाळून पायाखाली घ्यायची. जोनासने तिला अर्ध्या पिंपाची टेकायची खुर्ची करून देतो म्हटलं. ती म्हणाली, "खुर्ची घेऊन बसले तर मी तिथेच राहायला आले असं वाटेल. मला आत जायचंय." तिला काय हवं होतं ते तिने कधी लपवलं नाही. बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर खिडकीशी तिच्या आईची जागा होती. झडपा बंद झाल्यावरही तिथे बसून राहायचं होतं, आणि त्यासाठी खोटं बोलायचं नव्हतं. एवढंच. मला विचाराल तर एखादीने एवढ्यासाठी एक ओळ लिहून दिली असती आणि मी तिला नावं ठेवली नसती. पण हल्डाने दिली नाही, आणि मला त्याचा असा काही अभिमान आहे की आमच्या साधेपणाच्या शिस्तीत तो बसत नाही.

कझायाही कमी नव्हती. नियमाने एकदाच समजवायला यायचं असतं. ती दर शरदात, मका निघाला की मर्सीला घेऊन यायची. तिघी स्वयंपाकघरात बसायच्या. आधी बराच वेळ मौन, मग कागद, मग नकार, मग सुक्या सफरचंदांचं सारण भरलेली भाजकी पोळी आणि ताक.

"तू हट्टी आहेस, हल्डा."

"तू बारावं वर्ष येतेस. हट्टी कोण?"

"मी तुझ्या आत्म्यासाठी येते."

"मग पोळीचा दुसरा तुकडा का घेतेस?"

एका वर्षी मौन चालू असताना बाहेर जोनास पट्टे ठोकत गात होता. हल्डाची नजर सहज खाली गेली. कझायाच्या राखाडी झग्याखाली बुटाचं टोक हातोडीबरोबर हलत होतं. वर चेहरा देवदारासारखा सरळ. हल्डाने नजर उचलली आणि ह्याबद्दल कुणाला एक शब्द सांगितला नाही. तिने मनात आणलं असतं तर कझायाला सभेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला हे सांगितलं तेही कझायाला मूठमाती दिल्यावर.

दरम्यान सभेने काढायचं काम जोरात चालवलं होतं. कुणी बाप्टिस्टाशी लग्न केलं, काढा. कुणी घोड्यांच्या शर्यतीला गेला, काढा. यादवी युद्ध आलं आणि तरणी पोरं गुलामगिरीविरुद्ध बंदूक घेऊन गेली, त्यांना काढलं, त्यातली निम्मी मेलेली होती. युद्ध संपलं तेव्हा बाकांवर फटी पडल्या होत्या. मग एकदम सगळे मऊ झाले. पुरुषांकडचा लेखनिक झिमरी हायट स्वतः दगडापाशी आला. चांगला माणूस, पण गुळमुळीत.

"हल्डा, आता लग्नाचा खेद आहे असं लिहायची गरज नाही. शिस्त मोडल्याचा खेद आहे, एवढंच लिही."

"शिस्त माहीत असून मोडली, झिमरी. त्याचाही खेद नाही."

"सभेला दुःख झालं त्याचा खेद आहे, असं?"

"सभेला दुःख झालं का? मला तर कुणी रडताना दिसलं नाही."

झिमरीने टोपी नीट केली आणि गेला. घरी जोनाससुद्धा तिच्यावर उखडला. "अगं, कर की सही. तुझे पाय सुजतात त्या थंडीत. मला काही वाटणार नाही. माझ्याशी लग्न केल्याचा खेद आहे असं लिहिलंस तरी मी इथेच राहणार आहे."

"तुला वाटणार नाही, मला वाटेल."

इथवर तिचं वागणं सरळ होतं, तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. अठराशे एकाहत्तरच्या फेब्रुवारीत आयोवाहून पत्र आलं. रोडाच्या मुलीचं.

रोडाचं पुढे काय झालं ते मी सांगितलं नाही. रोडालाही सभेने काढलं होतं, हल्डाच्या चार वर्षं आधी, अशाच लग्नासाठी. रोडाने कागद फाडला, नवऱ्याबरोबर आयोवाला गेली, आणि परत कधी आली नाही. पत्रं यायची, त्यात पिकं आणि पोरं. आता तिच्या मुलीने लिहिलं होतं की आई न्यूमोनियाने गेली. लिहिलं होतं की आई दर पहिल्या वारी स्वयंपाकघरात खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायची आणि तासभर एकटी गप्प बसायची. क्वेकरांची सभा तिथून चार मैलांवर होती. मुलं म्हणायची, आई, गाडी जुंपतो, चल. ती म्हणायची, नको, मागे माझ्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं.

हल्डा पत्र मांडीवर घेऊन बसून राहिली. चुलीवरचं दूध उतू गेलं. जोनास वासाने आत आला.

"मी तिथे होते," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांची होते. कझाया तेव्हा लेखनिक होती. तिने रोडाचा ठराव वाचला आणि विचारलं, सगळ्यांचं मन राजी आहे? माझं नव्हतं. मी टोपीची नाडी बोटाला गुंडाळत बसले. वाटलं, आई आहे, मावशी आहे, कुणीतरी उठेल. सगळ्यांना तेच वाटलं असेल. आणि कझायाने लिहिलं, राजी."

 जोनासने दूध पुसलं.

"आणि मी एकोणतीस वर्षं त्या दगडावर खरं बोलणारी म्हणून बसले आहे," आजी म्हणाली. मग ती रडली. ती रडल्याचं आमच्या घरात एवढं एकदाच माहीत आहे.

पुढच्या कामकाजाच्या सभेच्या आधी तिने निरोप धाडला की मी कागद देणार आहे. शुगर फोर्कमध्ये वणव्यासारखी बातमी पसरली. हल्डा वाकली. थंडीने वाकवली, म्हातारपणाने वाकवली, ज्याला जे वाटलं ते. कागद देणाऱ्याला त्या दिवशी आत थांबता येतं, उभं राहून ऐकायचं असतं. पुढचं मला डेल्फिना हायटने सांगितलं. ती झिमरीची सून आणि तेव्हा बायकांकडची लेखनिक, जेमतेम तिशीची. तिने कागद आधीच वाचला होता.

झडपा खाली आल्या. हल्डा दाराजवळ उभी राहिली. कझाया समोरच्या उंच बाकावर, काठी गुडघ्यांत धरून. डेल्फिनाने वाचलं. तो कागद आज माझ्या खणात आहे, म्हणून तसाच देते.

"मित्रहो, मी जोनास ट्रेडवेशी लग्न केले. त्याचा मला खेद नाही. मला खेद ह्याचा आहे. अठराशे अडतीस साली माझी बहीण रोडा हिचे नाव ह्या सभेने कमी केले, तेव्हा मी इथे हजर होते. विचारल्यावर मी गप्प राहिले. माझे मौन होकार म्हणून लिहिले गेले. तो होकार नव्हता, ती भीती होती. म्हणजे मी ह्या सभेत खोटे बोलले, आणि ते तोंड न उघडता बोलले. तो ठराव रद्द करून रोडाचे नाव परत लिहा. ती वारली आहे, तरी लिहा. ते लिहिणार नसाल तर माझेही लिहू नका, मी बाहेर बसेन. माझी सवय आहे."

डेल्फिना म्हणते की तेवढं मौन तिने आयुष्यात ऐकलं नाही. मेलेल्या बाईचं नाव परत घ्यायचा नियम नव्हता.  डेल्फिना गडबडली, मान खाली घातली, दौतीत टाक बुडवला आणि कागदाकडे बघतच म्हणाली, "सगळ्यांचं मन..."

तेवढ्यात काठी फरशीवर आपटली. कझाया उठत होती. ऐंशीला एक वर्ष कमी, उठायला वेळ लागला. सगळ्यांना वाटलं, आता ही अडवणार.

"डेल्फिना," ती म्हणाली, "अडतीस साली तू आत्ता बसलीस तिथे मी बसले होते. मीसुद्धा कागदाकडे बघत विचारलं होतं. मुद्दाम. वर बघितलं असतं तर हल्डा दिसली असती. तिचा चेहरा कसा झाला असेल ते मला न बघताही माहीत होतं." मग तिला दम लागला. ती काठीवर टेकून थांबली. "वर बघ. एकेकीकडे बघ. आणि मग विचार."

डेल्फिनाने टाक ठेवला. एकेका बाकावरून नजर फिरवत तिने विचारलं. म्हणाली, त्याला इतका वेळ लागला की पलीकडून पुरुषांनी झडपेवर टकटक केली. कुणी उठलं नाही. रोडा न्यूलिनचं नाव अठराशे एकाहत्तरच्या मार्चमध्ये परत लिहिलं गेलं, आणि त्याच्याखाली हल्डा ट्रेडवेचं.

लोक ही गोष्ट इथे संपवतात. आमच्या सभेच्या शताब्दीला एका भल्या गृहस्थाने ती अशीच सांगितली, क्षमा आणि सलोखा वगैरे. मला तेव्हाच उठून बोलायचं होतं, पण मुलीने माझा झगा धरून ठेवला. म्हणून इथे सांगते.

पुढच्या महिन्यात झडपा कुरकुरल्या तेव्हा आजी सवयीने उठून दाराकडे निघाली. कझाया वरून म्हणाली, "कुठे निघालीस? बस." काही बायका हसल्या. आजी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसली. विणकाम पिशवीतच राहिलं.

त्या दिवशीचं पहिलंच काम एल्मिना पिकेटचं होतं. ही कझायाच्या दिराची नात. तिने एका ल्यूथरन जर्मनाशी लग्न केलं होतं. आजीला ती पोरगी मुळीच आवडत नसे. उर्मट होती, तिच्या कोंबड्या दर उन्हाळ्यात आजीचा वाटाणा उकरायच्या, आणि एकदा तिने आजीला दगडावर बसलेली बघून मैत्रिणींत नक्कल केली होती. कझायाच्या हाताखालच्या दोघी तिच्याकडे जाऊन आल्या होत्या, तिने खेद करायला नकार दिला होता, नाव कमी करायचा ठराव तयार होता. युद्धानंतर मऊ झालेली सभा एवढी काही मऊ झालेली नव्हती.

डेल्फिनाने ठराव वाचला. ह्या वेळी तिने न सांगता वर बघितलं. "सगळ्यांचं मन राजी आहे?"

आजीच्या मागच्या बाकावर मर्सी मॅरिस बसली होती. ती सांगायची की हल्डाची बोटं टोपीच्या नाडीकडे गेली आणि तिने नाडी घट्ट धरली. तिला ती जागा मिळून एक तासही झाला नव्हता. एकोणतीस वर्षं तिने ह्याच जागेसाठी पाय गोठवले होते, आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना अंगावर घ्यायचं, तेही वाटाणा उकरणाऱ्या कोंबड्यांच्या मालकिणीसाठी.

तिने नाडी सोडली आणि उठली.

"माझं मन राजी नाही," ती म्हणाली.

समोरच्या बाकावरून कझायाने डोळे मिटून घेतले. "हल्डा," ती म्हणाली, "खाली बस. पुढच्या महिन्यात बघू."

"नाही कझाया," आजी म्हणाली. "बसून खूप झालं."

ठराव अडला. आणि ती त्या दिवशी सभा सुटेपर्यंत तशीच उभी राहिली.